चित्रीकरणातील बंदूक : सुरक्षितता आणि जबाबदारी

चित्रपटातील बंदुकीकडून तीन कामे करून घ्यायची असतात. ती खरी दिसली पाहिजे, बार उडाल्याचा जाळ आणि आवाज आला पाहिजे आणि समोरच्याला गोळी लागल्यासारखे वाटले पाहिजे. ही तिन्ही कामे एकाच वस्तूने करावीत असे काही नाही. दिसण्यापुरता रबरी नमुना चालतो, आवाज नंतर ध्वनिमुद्रणात भरता येतो आणि रक्त कपड्याखाली लपवलेल्या पिशवीतून येते. अपघात बहुधा तेव्हा होतो, जेव्हा सगळी कामे एकाच बंदुकीवर टाकली जातात किंवा एका कामासाठी आणलेली वस्तू दुसऱ्या कामाच्या वस्तूत मिसळते. अपघातानंतर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर मिळणे अवघड जाते, कारण बंदूक पुरवणारा एक असतो, भरणारा दुसरा, ‘सुरक्षित आहे’ असे सांगणारा तिसरा आणि खटका दाबणारा चौथा.

बंदुका आणि काडतुसे

सेटवर येणाऱ्या बंदुकांचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिला रबर, फायबर किंवा लाकडाच्या डमीचा. तिला हलणारे भाग नसतात. मागच्या रांगेतील पोलिसांच्या हातात, झटापटीत, घोड्यावरून पडताना तीच दिली जाते. दुसरा प्रकार गॅसवर किंवा स्प्रिंगवर चालणाऱ्या बंदुकीचा. खटका दाबला की तिचा वरचा भाग मागेपुढे सरकतो, पण आत स्फोट होत नाही. तिसरा प्रकार फक्त ब्लँक काडतूस उडवण्यासाठी बनवलेल्या बंदुकीचा. तिची नळी पूर्ण किंवा अर्धवट बुजवलेली असते. चौथा प्रकार खऱ्या बंदुकीचा. ती ब्लँक भरून वापरली, तरी तिच्यातून खरी गोळी सुटू शकते.

काडतुसांचे प्रकार तीन. खऱ्या काडतुसात पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी असे चार भाग असतात. ब्लँकमध्ये गोळी नसते. पुंगळीचे तोंड चुण्या पाडून किंवा कागद, पुठ्ठा, प्लास्टिक यांच्या बोळ्याने बंद केलेले असते. डमी काडतुसात याउलट गोळी असते, पण दारू नसते आणि टोपी निकामी केलेली असते. रिव्हॉल्व्हर समोरून जवळून दाखवायचे असेल तर चक्रात गोळ्यांची टोके दिसावी लागतात, त्यासाठी डमी लागते. नीट बनवलेल्या डमीच्या पुंगळीला बाजूने भोक पाडलेले असते किंवा आत छर्रा टाकलेला असतो. छर्ऱ्याची डमी कानाजवळ धरून हलवली की खुळखुळते. खरे काडतूस खुळखुळत नाही. हातात आलेले काडतूस खरे की डमी, हे सेटवर काही सेकंदांत ओळखण्याची एवढीच साधी कसोटी आहे. ती प्रत्येक काडतुसावर, प्रत्येक वेळी करावी लागते.

अपघात कसे घडतात

ब्लँक निरुपद्रवी असते हा समज सर्वांत घातक. गोळी नसली तरी दारूचा तप्त वायू आणि न जळलेले कण नळीच्या तोंडातून प्रचंड वेगाने बाहेर पडतात. बोळा असेल तर तोही. काही फुटांवर हा जोर ओसरतो, पण अंगाला टेकवून किंवा वीतभरावरून उडवलेला बार हाड फोडू शकतो. अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने १२ ऑक्टोबर १९८४ रोजी ‘कव्हर अप’ या मालिकेच्या सेटवर, चित्रीकरण रखडले असताना, ब्लँक भरलेले रिव्हॉल्व्हर थट्टेने स्वतःच्या कानशिलाला लावून खटका दाबला. कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि सहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मुंबईत २०१२ मध्ये मन्या सुर्वेच्या आयुष्यावरील ‘शूटआउट अॅट वडाला’च्या चित्रीकरणात ठरल्यापेक्षा बऱ्याच जवळून ब्लँक उडाले आणि अभिनेते जॉन अब्राहम यांच्या मानेला इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. अंतर हेच ब्लँकपासूनचे संरक्षण. ते कमी झाले की संरक्षणही संपते.

दुसरा प्रकार नळीत अडकलेल्या वस्तूचा. ३१ मार्च १९९३ रोजी अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे ‘द क्रो’ चित्रपटाच्या सेटवर अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू असाच झाला. आधीच्या एका दृश्यासाठी खऱ्या काडतुसांतील दारू काढून डमी बनवल्या होत्या, पण त्यांच्या टोप्या तशाच राहिल्या. खटका दाबला गेला तेव्हा टोपीच्या एवढ्याशा जोराने गोळी पुंगळीतून सुटली आणि नळीत रुतून बसली. ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरून बार उडवला, तेव्हा नळीतील गोळीमागे पूर्ण दारूचा जोर लागला. डमी आणि ब्लँक वेगवेगळ्या वेळी वापरले, तरी दोन्ही मिळून एक खरे काडतूस तयार झाले. मधल्या काळात कोणी नळीतून गज फिरवला असता किंवा उजेड धरून पाहिले असते, तर हे टळले असते.

तिसरा प्रकार सेटवर खरे काडतूसच येण्याचा. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या तालमीत अभिनेता अॅलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला आणि तीच गोळी दिग्दर्शक जोएल सूझा यांना लागली. तपासात सेटवर एकूण सहा खरी काडतुसे सापडली. त्याआधीच्या काही दिवसांत नकळत बार उडण्याचे प्रकार घडले होते आणि कामाच्या परिस्थितीला कंटाळून कॅमेरा विभागातील काही जण त्याच सकाळी काम सोडून गेले होते.

मराठी ऐतिहासिक चित्रपटांत चौथा प्रकारही विचारात घ्यावा लागतो, तो ठासणीच्या आणि तोड्याच्या बंदुकांचा. त्यांत काडतूस नसते. दारू मोजून नळीत ओततात, वर बोळा घालतात आणि गजाने ठासतात. बार झाला नाही आणि तो कोंदला आहे हे कळले नाही, तर दुसऱ्या वेळी दुप्पट दारू ठासली जाते. घाईत गज नळीतच राहिला, तर तोच भाल्यासारखा बाहेर पडतो. पेटता बोळा उन्हाळ्यात गडावरच्या वाळल्या गवतावर पडला की वणवा लागायला वेळ लागत नाही. बंदूकची, तोपची यांच्या रांगा उभ्या करून एका हुकुमावर पंचवीस बार उडवायचे, तर पंचवीस माणसांना ठासणी शिकवावी लागते. त्यापेक्षा पुढच्या दोघा-तिघांनाच खरी दारू देऊन बाकीच्यांच्या हाती नुसता धूर सोडणारी नळी देणे शहाणपणाचे.

आवाजाकडे सहसा दुर्लक्ष होते. ब्लँकचा आवाज नळीजवळ १४० डेसिबलच्या वर जाऊ शकतो. बंद खोलीत, दगडी तळघरात किंवा मोटारीच्या आत एकाच बाराने कानाला कायमची इजा होऊ शकते.

पुणे आणि महाराष्ट्रातील चित्रीकरण

पुण्याच्या चित्रपटनिर्मितीला प्रभात फिल्म कंपनीने भक्कम पाया दिला. कोल्हापुरातून १९३३ मध्ये येथे आलेल्या प्रभातचा स्टुडिओ पुढे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटचे घर झाला. व्ही. शांताराम यांच्या ‘शेजारी’तील (१९४१) धरणफुटीचे दृश्य हा जीव धोक्यात न घालता स्फोट उभा करण्याचा जुना आणि उत्तम दाखला आहे. कारागिरी, कॅमेऱ्याचा कोन आणि संकलन यांच्या जोरावर विध्वंस दाखवता येतो, हे या शहरातील तंत्रज्ञांना तेव्हापासून ठाऊक आहे.

बंदूक मात्र पुण्याच्या इतिहासातच आहे. गणेशखिंड रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) याच घटनेवर आहे. दामोदर चापेकरांनी चालत्या बग्गीच्या मागे चढून हातभर अंतरावरून पिस्तूल झाडले. अशा दृश्यात इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर अंतर ठेवता येत नाही. म्हणून तेथे ब्लँकसुद्धा चालत नाही. डमी, नंतर जोडलेला आवाज आणि दोन चित्रचौकटींमधील कट यांवरच भागवावे लागते. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ यांसारख्या चित्रपटांनी शिवकाळातील लढाया पुन्हा पडद्यावर आणल्या, तर ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जिल्ह्यातील टोळीयुद्ध. या दोन्ही धारांत शस्त्र हे नेपथ्याचे अपरिहार्य अंग आहे.

भारतात खऱ्या बंदुकीवर कायद्याचे बंधन कडक असल्याने सेटवर डमीच अधिक असतात. त्यामुळे इथल्या मोठ्या दुर्घटना आगीच्या, उंचीच्या, पाण्याच्या आणि यंत्रांच्या आहेत. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’च्या सेटला लागलेल्या आगीत ६२ जणांचा बळी गेला. चेन्नईजवळ ‘इंडियन २’च्या सेटवर १९ फेब्रुवारी २०२० रोजी क्रेन कोसळून तिघे दगावले. पन्हाळगडावर मार्च २०२३ मध्ये एका ऐतिहासिक चित्रपटाच्या कामावर असलेला १९ वर्षांचा तरुण तटावरून पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे एप्रिल २०२५ मध्ये चित्रीकरणासाठी आलेला एक तरुण नर्तक कृष्णेत बुडाला. या घटनांत बंदूक नव्हती. तरी त्या बंदुकीच्या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत, कारण दर वेळी पुढे आलेला प्रश्न तोच होता : त्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी नाव घेऊन नेमलेला माणूस कोण होता?

शस्त्र कायदा आणि परवानगी

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार स्फोटाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर गोळी किंवा तत्सम वस्तू फेकण्यासाठी बनवलेले किंवा तसे बदललेले शस्त्र हे अग्निशस्त्र होय. बंदुकीचे आणि काडतुसांचे भागही कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे ‘ही शूटिंगची बंदूक आहे’ एवढे म्हटल्याने ती कायद्याबाहेर जात नाही. तिच्यातून गोळी सुटू शकते की नाही, यावर सगळे ठरते आणि वाद झाला तर निवाडा न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालावर होतो. नकली बंदुकीचे खऱ्यात रूपांतर करायलाही कलम ६ प्रमाणे परवाना लागतो. बुजवलेली नळी सेटवर ‘जाळ नीट दिसावा’ म्हणून कोणी खोलून मोकळी केली, तर कायद्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती ठरत नाही. तो गुन्हा होऊ शकतो.

ग्रामीण भागातील चित्रीकरणात एक मोह हमखास होतो, तो म्हणजे गावातील कोणाची परवान्याची बाराबोअर तासाभरासाठी मागून आणणे. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी. अभिनयासाठी हाती देणे त्यात बसत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात.

पुणे शहरात शस्त्रविषयक परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. पिंपरी-चिंचवडसाठी २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि त्यापलीकडच्या ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. सकाळी पेठेत आणि दुपारी भोरच्या राजवाड्यात चित्रीकरण करणाऱ्या चमूला एकाच दिवसात दोन वेगळ्या यंत्रणांशी गाठ पडते. दारूकाम, धुराचे गोळे, विजेने उडणारे स्क्विब (गोळी लागल्याचा भास निर्माण करणारे छोटे बार) यांना स्फोटके अधिनियम १८८४ आणि स्फोटके नियम २००८ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

डमी बंदुकीला परवाना लागला नाही, तरी जबाबदारी संपत नाही. मे २०१९ मध्ये पालघर जिल्ह्यात अतिरेक्याच्या वेशातील दोन सहकलाकार चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत सिगारेट घ्यायला रस्त्यावर आले. लोकांनी पोलिसांना कळवले आणि शोधाशोध होऊन दोघांना ताब्यात घेतले गेले. गर्दीच्या रस्त्यावर नकली शस्त्रही खरी पळापळ घडवू शकते. म्हणूनच स्थानिक पोलीस ठाण्याला वेळ, जागा आणि शस्त्रांची संख्या लेखी कळवणे, शेजारच्या सोसायट्यांत सूचना लावणे आणि वेशातील कोणालाही शस्त्रासह सेटबाहेर न जाऊ देणे, या गोष्टी परवानगीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. नाहीतर पहिल्याच बाराला शेजारी ११२ फिरवतात.

फौजदारी जबाबदारी

बार उडून कोणी दगावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षे आहे. इजा झाली असेल तर कलम १२५ लागते. शिवाय शस्त्र अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५(९) आले. लग्नाच्या वरातीतील हवेत गोळीबारासाठी हे कलम प्रसिद्ध असले, तरी इतरांचा जीव धोक्यात येईल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणाने अग्निशस्त्र वापरण्यालाही ते लागू आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद, एक लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही अशी आहे. कोणालाही प्रत्यक्ष इजा झालीच पाहिजे, अशी त्यात अट नाही.

बचावही कायद्यातच आहे. कायदेशीर कृत्य, कायदेशीर रीतीने आणि योग्य ती काळजी घेऊन करताना अपघात झाला, तर न्याय संहितेच्या कलम १८ प्रमाणे तो गुन्हा नाही. सगळा वाद ‘योग्य ती काळजी’ या शब्दांभोवती फिरतो. बंदूक सुरक्षित आहे असे जाणकाराने सांगितले आणि अभिनेत्याने त्यावर विश्वास ठेवला, तर त्याने काळजी घेतली असे म्हणायचे का? नियमात अभिनेत्याला समोर काडतूस तपासून दाखवण्याची पद्धत असेल आणि ती त्याने टाळली असेल, तर उत्तर बदलते. तालमीत गरज नसताना माणसावर नेम धरला असेल, तर ते आणखी बदलते.

निष्काळजीपणाच्या साखळीत नेमकी कोणती कडी पकडायची, यावर भारतीय न्यायालयांनी फार पूर्वीच विचार केला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ मध्ये ओंकार रामप्रताप खटल्यात असे तत्त्व मांडले की, आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे थेट आणि परिणामकारक कारण असले पाहिजे. मध्ये दुसऱ्याचा निष्काळजीपणा आलेला नसावा. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात तेच लावले. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात लागलेल्या आगीत कामगार दगावले. ज्वालाग्राही पदार्थांजवळ शेगड्या चालू ठेवल्याबद्दल व्यवस्थापक दोषी ठरला, पण मृत्यूबद्दल नाही, कारण आगीचे तात्काळ कारण एका कामगाराची घाई होती. हेच सूत्र सेटवर लावले तर खटका दाबणारा किंवा काडतूस भरणारा अडकतो आणि ज्याने पैसे वाचवण्यासाठी जाणकार माणूसच नेमला नाही, तो सुटू शकतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणाने या सूत्राला मर्यादा घातली. १३ जून १९९७ च्या आगीत ५९ प्रेक्षक मेले. आग लागली ती रोहित्रातून, तरीही बाहेर पडण्याच्या वाटा अडवून ठेवल्याबद्दल चित्रपटगृहाच्या मालकांचा दोष सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायम केला. जागेवर ज्याचा ताबा आणि माणसांच्या सुरक्षिततेची ज्याच्यावर जबाबदारी, त्याला ‘मी तेथे नव्हतो’ म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ. निर्मात्याच्या जबाबदारीचा विचार करताना हा निकाल अधिक जवळचा ठरतो.

‘रस्ट’च्या प्रकरणात हीच साखळी एकेका कडीने न्यायालयात आली. शस्त्रांची जबाबदारी असलेली आर्मरर हॅना गुटिएरेझ-रीड मार्च २०२४ मध्ये दोषी ठरली आणि तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. बंदूक सुरक्षित असल्याचे सांगणाऱ्या सहायक दिग्दर्शकाने आरोपाला विरोध न करता सहा महिन्यांच्या परिवीक्षेची शिक्षा स्वीकारली. बाल्डविन यांच्यावरील खटला जुलै २०२४ मध्ये फेटाळला गेला. पण त्याचे कारण काडतुसांसंबंधीचा पुरावा बचाव पक्षापासून दडवला गेला हे होते. अभिनेत्याची जबाबदारी किती, यावर निकाल लागलाच नाही. निर्मितीसंस्थेला राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने १,३६,७९३ डॉलरचा दंड केला आणि पुढे तडजोडीत तो एक लाख डॉलरवर आला. फौजदारी शिक्षा खालच्या माणसाला आणि आर्थिक जबाबदारी कंपनीला, अशी ही वाटणी झाली.

भरपाई

फौजदारी खटल्यात दोष सिद्ध करावा लागतो. कामगाराच्या भरपाईला तसे लागत नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने चित्रपटनिर्मितीतील कामगारांना आपल्या यादीत घेतले होते आणि काम करताना इजा झाली एवढे दाखवणे पुरेसे ठरवले होते. काम ठेकेदारामार्फत दिले असले, तरी भरपाईसाठी मुख्य मालकाकडे जाता येत होते. ही तत्त्वे आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आली आहेत. सिने-कामगारांच्या नोकरीच्या नियमनासाठीचा १९८१ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. दोन्ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे दुसरी संहिता सांगते.

अडचण कागदावर नाही, कागद नसण्यात आहे. छोट्या निर्मितीत साहसदृश्यांचा चमू, शस्त्र पुरवणारा, प्रॉपर्टीचा माणूस आणि स्पॉटदादा हे रोजंदारीवर, तोंडी बोलीवर येतात. पुरवठादार डब्यातून बंदुका पाठवतो, सोबत माणूस कधी येतो, कधी येत नाही. इजा झाली की तो कोणाचा कामगार, हेच आधी सिद्ध करावे लागते. म्हणून नेमणुकीचे पत्र आणि विम्याच्या अर्जात शस्त्रदृश्यांचा स्पष्ट उल्लेख ही बंदुकीच्या तपासणीइतकीच सुरक्षिततेची साधने आहेत. विमा घेताना धोका लपवला, तर दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

सेटवरची शिस्त

जगभरच्या नियमावल्यांचा गाभा एकच आहे. सेटवर खरे काडतूस आणायचे नाही, एकसुद्धा नाही. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजायचे. माणसावर नेम धरायचा नाही आणि बार उडवण्याच्या क्षणापर्यंत बोट खटक्यावर ठेवायचे नाही. भरलेली बंदूक घरातही धोक्याची ठरते. अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईतील घरी गोळी सुटली, ती त्यांच्याच पायात शिरली.

या तत्त्वांची अंमलबजावणी एका नेमलेल्या माणसाकडे असावी लागते. पेटीची किल्ली त्याच्याकडेच. प्रत्येक बंदुकीला क्रमांक, प्रत्येक काडतुसाची मोजणी आणि ‘कोणाला, किती वाजता दिले, किती वाजता परत आले’ याची नोंदवही. ब्लँक आणि डमी वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत. बंदूक हाती देण्यापूर्वी अभिनेता आणि पहिला सहायक दिग्दर्शक यांच्या डोळ्यांसमोर नळीतून उजेड पाहायचा, चक्र फिरवून दाखवायचे, मग किती ब्लँक भरले ते मोठ्याने सांगायचे. कट झाला की आधी बंदूक परत, मग पुढचे बोलणे. जेवणाच्या सुट्टीत बंदूक टेबलावर राहत नाही. बार उडाला नाही तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून थांबायचे, नळीत डोकावायचे नाही.

पेठेतील वाड्यात हे कसे जुळवायचे, याचे उदाहरण घेता येईल. दृश्य असे : चौकात उभा असलेला माणूस सोप्यावरच्या माणसावर दोन गोळ्या झाडतो. प्रचलित नियमावल्यांत ब्लँकसमोर सुमारे २० फूट अंतर सांगितले जाते. वाड्याचा चौक अनेकदा तेवढा नसतो. तेव्हा एकाच चौकटीत दोघे दाखवण्याचा हट्ट सोडावा लागतो. झाडणारा एका चित्रचौकटीत, नेम समोरच्या माणसाच्या डावीकडे तीन-चार फूट, मागे रिकामी भिंत. कॅमेऱ्याच्या कोनातून नेम सरळ वाटतो. कॅमेऱ्यामागे माणूस न ठेवता तो दुरून चालवायचा किंवा पारदर्शक जाड पत्रा आड लावायचा. गोळी लागण्याची चौकट वेगळी घ्यायची. त्या वेळी बंदूक पेटीत असते. माडीच्या गॅलरीत शूटिंग पाहायला जमलेले बिऱ्हाडकरू आधी मागे घ्यायचे, कारण दगडी फरशीवर आदळून बोळ्याचे तुकडे कुठेही उडतात. कानात बोळे सगळ्यांना, फक्त नटांना नव्हे. एवढे करायला अर्धा तास जास्त लागतो. हा अर्धा तास वेळापत्रकात आधीच धरला नसेल, तर तो सुरक्षिततेतूनच कापला जातो.

शिस्तीचा भाग म्हणून नकाराचा अधिकारही ठरवून द्यावा लागतो. शस्त्रे सांभाळणाऱ्याने ‘आज बार होणार नाही’ म्हटले, तर दिग्दर्शकाने किंवा नटाने तो निर्णय बदलायचा नाही. ‘रस्ट’च्या आर्मररकडे शस्त्रांबरोबर प्रॉपर्टीचेही काम दिले होते. एकाच माणसाला दोन कामे दिली की बंदुकीकडे पाहणारे डोळे अर्धे होतात.

पर्याय आणि उरलेले काम

‘रस्ट’नंतर अनेक निर्मितीसंस्थांनी खऱ्या बंदुका बंद केल्या. ‘द रूकी’ या अमेरिकी मालिकेने गॅसच्या बंदुका आणि संगणकाने जोडलेला जाळ स्वीकारला. तोंडाशी क्षणभर दिसणारा जाळ, बाहेर पडणारी पुंगळी आणि धूर हे संगणकावर करणे आता अवघड राहिलेले नाही. बंदुकीचा आवाज तर तसाही चित्रीकरणातला क्वचितच ठेवला जातो. तो नंतर स्वतंत्रपणे रचला जातो. उरतो तो खटका दाबताना हाताला बसणारा धक्का आणि डोळ्यांची नैसर्गिक उघडझाप. त्यासाठी गॅसची बंदूक आणि थोडी तालीम पुरते. कमी खर्चाच्या मराठी चित्रपटाला प्रत्येक बारामागे संगणकीय कामाचा खर्च जाणवतो, पण बारांची संख्या पटकथेतच कमी करता येते.

या पर्यायांनी शस्त्रांचा धोका कमी होईल, संपणार नाही. ऐतिहासिक चित्रपटांतील ठासणीच्या बंदुका, तोफा, धूर आणि स्क्विब काही काळ तरी राहतील. म्हणून उरलेले काम माणसांचे आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, कला दिग्दर्शन, पटकथा आणि अभिनय शिकवले जाते. शस्त्रांची जबाबदारी सांभाळणे ही तेथे स्वतंत्र शाखा नाही. याच शहरात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाच्या संस्था आहेत. दारू हाताळण्याची शिस्त अंगवळणी पडलेली निवृत्त माणसे पुण्यात शोधावी लागत नाहीत. त्यांच्याकडून शिकून घेतलेला आणि परीक्षा देऊन आलेला माणूस सेटवर नेमणे, त्याचे नाव दिवसाच्या कामाच्या पत्रकावर छापणे आणि पोलिसांकडे दिलेल्या अर्जात तेच नाव लिहिणे एवढे केले, तरी जबाबदारीची साखळी अपघाताच्या आधी स्पष्ट होते. निर्मात्याने त्या माणसाला अधिकार, वेळ आणि पैसा दिला होता का, हा पुढचा प्रश्न मग कागदावर तपासता येतो आणि खालच्या माणसावर ठपका ठेवून वरच्याने मोकळे होणे कठीण जाते.